ईश्वरापुढील समता आणि 'स्मृतिचित्रे' : एक चिकित्सा

प्रस्तावना

टेंभुर्णीहून पंढरपूरकडे वळणाऱ्या वाटेला भक्तीतील समतेचा प्रश्न नवा नाही. विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर संत चोखामेळ्याची समाधी आहे. तरीही त्याच मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. देवापुढे सर्व समान हे तत्त्व मान्य होणे आणि ते उंबरठ्याच्या आत येणे यांत शतकांचे अंतर राहू शकते, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट होते. मराठी ख्रिस्ती साहित्याने हे अंतर कसे हाताळले, याचा विचार रे. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांची भक्तिकविता आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र यांच्या आधारे करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तात्त्विक पार्श्वभूमी

ख्रिस्ती समताविचाराचे दोन प्रमुख आधार मानले जातात. मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला, ही उत्पत्तीच्या ग्रंथातील धारणा हा पहिला. ख्रिस्ताच्या ठायी यहुदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष असे भेद उरत नाहीत, हा पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील विचार हा दुसरा. परंतु नव्या करारातील इतर पत्रांत दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असा उपदेशही आढळतो. त्यामुळे समता आत्म्यापुरती आणि भेद व्यवहारापुरता, अशी सोयीची विभागणी चर्चच्या इतिहासात वारंवार झाली. वारकरी परंपरेतील वाळवंट आणि गाव यांचे नाते पाहिले, तर ही विभागणी मराठी समाजालाही अपरिचित नव्हती.

टिळकांची भूमिका

टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्ध आहे. अभंग व भजन या रूपांतून त्यांनी ख्रिस्तभक्ती मराठी केली. उपासना सर्वांच्या ओठी यावी, ही त्यामागील समतादृष्टी होय. परकीय मिशनरी आणि देशी ख्रिस्ती यांच्यातील उच्चनीचताही त्यांना खुपत होती. १९१७ मध्ये मिशनची सेवा सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान दिले. येथे समतेचा प्रवास श्रद्धेकडून व्यवहाराकडे होतो. आधी देवाचे पितृत्व स्वीकारायचे आणि मग त्यातून माणसांचे बंधुत्व ओळखायचे, असा हा क्रम आहे.

लक्ष्मीबाईंचा उलटा प्रवास

१९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये हा क्रम उलटा होतो. बाहेरून आलेला जिन्नस धुवून घेण्यापर्यंत पोहोचलेले वडिलांचे सोवळे लक्ष्मीबाईंनी विनोदाने रेखाटले आहे. पण त्याच सोवळ्याचा संस्कार त्यांच्यावरही होता. पतीच्या धर्मांतरानंतर त्यांनी दीर्घ विरह सोसला आणि पुन्हा एकत्र आल्यावरही आपला स्वयंपाक-पाणी वेगळे ठेवले. पुढे जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या एकट्याच झुंजल्या. तो माणसाचाच आहे, असा निर्णय झाल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे त्यांनी ठरविले. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधील आहे.

हा कालक्रम महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाई धर्मांतरामुळे समतेकडे आल्या नाहीत. समता पटल्यामुळे धर्मांतराची वाट त्यांना मोकळी झाली. त्यांच्या ठायी समता ही श्रद्धेची पूर्वअट ठरते. हा निर्णय त्यांनी प्रवचनाच्या भाषेत मांडलेला नाही. पाण्याचे भांडे, चूल, पंगत हीच त्यांची परिभाषा आहे. ज्या ठिकाणी जात प्रत्यक्ष राबवली जाते, तेथेच त्यांनी तिची परीक्षा घेतली. त्यामुळे टिळकांच्या कवितेत उद्गार म्हणून येणारी समता येथे कृती म्हणून प्रत्ययास येते.

मर्यादा

तथापि या समतेची एक बाजू अलिखित राहिली आहे. 'स्मृतिचित्रे'तील संघर्ष सोवळे सोडणाऱ्याचा आहे. पाणी स्वीकारणाऱ्या मनातील खळबळ वाचकास तपशीलवार कळते. पाणी देणाऱ्याच्या मनात काय चालले होते, हे मात्र कळत नाही. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाजात महार व मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. त्यांच्या दृष्टीने समता म्हणजे सोडण्याची नव्हे, मिळविण्याची गोष्ट होती. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार एका व्यक्तीच्या अनुभवाने मर्यादित असतो, हे मान्य करूनही ही उणीव नोंदवावी लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीविषयी केलेले लेखन येथे मार्गदर्शक ठरते. धर्मांतरानंतरही जात चर्चमध्ये टिकून राहते आणि चर्च तिच्याशी पुरेसा लढा देत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात समाविष्ट झाले. दलित ख्रिस्ती बाहेर राहिले. धर्मात समता सांगितली आहे म्हणून समाजात विषमता उरली नाही, असे गृहीत धरले की पीडिताच्या वेदनेचा पुरावाच नाकारला जातो.

समारोप

ईश्वरापुढील समतेचे मोजमाप उपासनेत होत नाही, ते पाणवठ्यावर आणि पंगतीत होते, ही दृष्टी 'स्मृतिचित्रे'ने मराठी साहित्यास दिली. लक्ष्मीबाईंनी स्वतःला लावलेली कसोटी चर्चला, वारीला आणि शिक्षणसंस्थेलाही लागू पडते. 'स्मृतिचित्रे'चे अध्यापन करताना भाषेचा साधेपणा आणि विनोद यांवर भर दिला जातो, तो योग्यच आहे. परंतु त्या विनोदाखाली एका स्त्रीने स्वतःच्या संस्कारांशी केलेला झगडा आहे आणि त्या झगड्यापलीकडे पाणी देणारा अबोल हात आहे. या दोहोंची जाणीव विद्यार्थ्यांस करून दिल्याशिवाय या ग्रंथाचे वाचन पूर्ण होणार नाही.