गॅलियनचे अर्धे किती?

सातवी-आठवीच्या वर्गात एक सोपे उदाहरण घालून पाहावे. एका देशात सोन्याच्या एका नाण्याला चांदीची १७ नाणी मिळतात आणि चांदीच्या एका नाण्याला ब्राँझची २९. सोन्याचे एक नाणे मोडून दोघा भावांत सारखे वाटायचे आहे. मुले १७ ला २९ ने गुणतील, ४९३ हे उत्तर काढतील आणि तिथेच अडतील. ४९३ ही विषम संख्या आहे. शेवटचे नाणे कापल्याखेरीज वाटणी होत नाही!

हा देश म्हणजे जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर कादंबऱ्यांतील जादूगारांचे जग. १९९७ ते २००७ या काळात आलेल्या या सात पुस्तकांचे मराठी अनुवादही झाले. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हे त्यांतील पहिले. आपले अनेक विद्यार्थी ती वाचतात. पुस्तकांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. इथे आपण त्यांतील फक्त पैसा तपासू. कल्पित जगाला निसर्गनियम मोडण्याची मुभा असते. पण एकदा त्या जगात दुकान, बँक आणि गरीब माणूस आणला की टंचाईचा नियम लेखकाला पाळावा लागतो. तो इथे कितपत पाळला आहे?

प्रथम नाणी. सोन्याचे गॅलियन, चांदीचे सिकल आणि ब्राँझचे नट. ब्रिटनमध्ये १९७१ पर्यंत चाललेल्या पौंड-शिलिंग-पेन्सची ही उघड थट्टा आहे. परंतु त्या जुन्या पौंडाचे २४० पेन्स होत आणि २४० ला तब्बल वीस विभाजक आहेत. आपल्याकडे १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे किंवा १९२ पै होत. १९२ ला चौदा विभाजक आहेत. अर्धा, पाव, तिसरा हिस्सा बाजारात तोंडी काढता यावा, अशीच ती कोष्टके होती. १७ आणि २९ या मूळ संख्या असल्याने ४९३ ला विभाजक चारच. लेखिकेने जुन्या नाण्यांचा किचकटपणा उचलला, त्यामागील सोय मात्र मागे राहिली. विनोद म्हणून हे छान आहे. पण भाजीबाजारात असे कोष्टक फार दिवस टिकले नसते.

दुसरा प्रश्न विनिमयाचा. दुसऱ्या पुस्तकात हर्मायनीचे आईवडील, ज्यांना जादू येत नाही, ग्रिंगॉट्स बँकेत पौंडाच्या नोटा देऊन जादूगारांची नाणी घेतात. २००१ मध्ये लेखिकेने एका गॅलियनची किंमत सुमारे पाच पौंड सांगितली होती. त्या वर्षी सोन्याचा भाव ग्रॅमला सहा पौंडांच्या आसपास होता. म्हणजे गॅलियनमध्ये एक ग्रॅमही सोने नसावे. पुस्तकांतली वर्णने मात्र चांगल्या ठसठशीत सुवर्णनाण्याची आहेत. ते खरोखर सोन्याचे असेल, तर कोणीही नोटा देऊन गॅलियन घ्यावेत, वितळवून सराफाला विकावेत आणि पुन्हा बँकेच्या दारात उभे राहावे. तळघरे रिकामी व्हायला कितीसा वेळ लागेल?

ही केवळ कल्पना नाही. १७१७ मध्ये इंग्लंडच्या टांकसाळीचा प्रमुख असलेल्या आयझॅक न्यूटनच्या शिफारशीवरून सोन्याच्या गिनीचा भाव २१ शिलिंग ठरला. तरीही युरोपातील भावाच्या तुलनेत इंग्लंडमध्ये चांदी स्वस्तच राहिली. व्यापाऱ्यांनी चांदीची नाणी वितळवून परदेशी नेली आणि देश हळूहळू सुवर्णचलनाकडे वळला. दोन धातूंचे प्रमाण फर्मानाने बांधले, तरी बाजार ते मानत नाही.

याच न्यूटनने अनेक वर्षे किमयेचाही अभ्यास केला होता. त्यामुळे आता परिसाकडे वळू. पहिल्या पुस्तकातील परीस कोणत्याही धातूचे सोने करतो. खलनायकाला तो अमरत्वासाठी हवा असतो, हे कथेच्या दृष्टीने ठीक आहे. पण ज्या समाजाचे चलनच सोन्याचे, तिथे अशी वस्तू शतकानुशतके असूनही कोणाला भाववाढीची चिंता पडत नाही, हे पटत नाही. सोळाव्या शतकात अमेरिकेतील खाणींची चांदी येऊ लागली, तेव्हा साऱ्या युरोपात किमती चढल्या होत्या.

जिथे लेखिका नियम घालून घेते, तिथे मात्र कथेला बळ येते. सातव्या पुस्तकात कळते, की अन्न शून्यातून निर्माण करता येत नाही. पाचव्यात कळते, की खऱ्या गॅलियनवर तो घडवणाऱ्या गॉब्लिनची खूण सांगणारा क्रमांक असतो. खोट्या नाण्यांवरचा हा खराखुरा उपाय आहे. त्याहून मोलाचा आहे गॉब्लिनांचा मालकीविषयीचा समज. त्यांच्या मते वस्तूचा खरा धनी ती घडवणारा. पैसे मोजणाऱ्याने ती जणू भाड्याने घेतलेली असते. जादूगारांना हे मान्य नाही. एकाच सौद्याचे दोन पक्ष दोन अर्थ लावतात, आणि त्यातून पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर उभे राहते. व्यापाराला नाण्यांच्या आधी मालकीचा समान अर्थ लागतो, हे इतक्या सोप्या रीतीने सांगणारे पाठ्यपुस्तक मी पाहिलेले नाही.

सर्वांत खरा प्रसंग चौथ्या पुस्तकात आहे. हॅरी आपल्या मित्रांसाठी प्रत्येकी दहा गॅलियनच्या दुर्बिणी घेतो. गरीब घरच्या रॉनला ते उपकार सलतात. सामन्यात लेप्रेकॉन नावाचे बुटके सोन्याची नाणी उधळतात. ती वेचून रॉन मित्राचे देणे फेडतो. हे सोने काही तासांत नाहीसे होते, हे दोघांनाही ठाऊक नसते. कित्येक महिन्यांनी ते उघड होते, तेव्हा रॉनला कळते, की खिशातले मूठभर गॅलियन गेल्याचे हॅरीच्या लक्षातही आले नव्हते.

अर्थशास्त्राच्या काटेकोर नजरेने इथेही शंका निघतात. काही तासांत विरणारे सोने ज्या जगात आहे, तिथे दुकानदार नाणे पारखून का घेत नाहीत? मोडका चष्मा मंत्राने सांधता येतो, तर रॉनच्या अंगावर जुनेच झगे का? त्याची उत्तरे पुस्तकांत सापडत नाहीत. तरीही प्रसंग मनात रुततो, कारण त्यात पैशाचे एक माप अचूक पकडले आहे. तीच रक्कम एकाला सारी लाज झाकण्याइतकी मोठी असते आणि दुसऱ्याला विसरून जाण्याइतकी लहान. या मापात विनिमयदराची चूक नाही.

म्हणून ही पुस्तके वर्गात आणावीत, ती दोन्ही बाजूंनी. ४९३ चे विभाजक काढून घ्यावेत, नाणी वितळवण्याचा हिशेब मांडून घ्यावा आणि लेखिका कुठे चुकली ते मुलांना धिटाईने म्हणू द्यावे. मग रॉनचा प्रसंग वाचावा. तो कोणाला हसू आणतो आणि कोण खाली मान घालते, हे शिक्षकाने न बोलता पाहावे. वर्गातही काही रॉन बसलेले असतात.