लेवीय ग्रंथाचा पंचविसावा अध्याय आणि ख्रिस्ती नीतिविचारातील निवड

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात जतन केलेल्या ‘लिबर्टी बेल’ या घंटेवर जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायातील दहाव्या वचनाचा एक भाग कोरलेला आहे. देशातील सर्व रहिवाशांसाठी स्वातंत्र्य जाहीर करावे, असा त्याचा आशय आहे. ही घंटा १७५१ मध्ये पेनसिल्व्हेनिया वसाहतीच्या विधानगृहासाठी मागविण्यात आली आणि १८३०च्या दशकात गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी तिला आपले प्रतीक केले. मात्र घंटेवर आहे ते अपुरे वचन. योबेल वर्षी, म्हणजे दर पन्नासाव्या वर्षी, प्रत्येकाने आपल्या मूळ वतनाकडे आणि कुळाकडे परतावे, ही आज्ञा त्याच वचनात पुढे येते. ती धातूवर उतरली नाही. याच अध्यायाच्या ३६ व ३७ या वचनांत गरजू बांधवाकडून व्याज घेण्यास मनाई आहे, तर ४४ ते ४६ या वचनांत भोवतालच्या राष्ट्रांतून दासदासी विकत घेण्यास आणि त्यांना वारसाहक्काने मुलांकडे सोपविण्यास मोकळीक आहे. एकाच अध्यायातील या तीन विधानांशी ख्रिस्ती समाज तीन प्रकारे वागला. प्राचीन नियमशास्त्रातून आधुनिक नीतिप्रश्नांसाठी निवड कशी होते, याचा शोध घेण्यास हा अध्याय म्हणूनच विशेष उपयुक्त ठरतो.

निवड ही ख्रिस्ती धर्मात मागाहून शिरलेली विकृती नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेम येथील सभेचा वृत्तान्त आहे. यहुदीतर अनुयायांवर सुंता आणि मोशेचे संपूर्ण नियमशास्त्र लादायचे की नाही, हा तेथील वाद. निर्णय असा झाला की त्यांनी मूर्तीला अर्पिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि व्यभिचार एवढ्या चार गोष्टी वर्ज्य कराव्यात. पुढे पाश्चात्त्य ख्रिस्ती जगताने या चारांपैकी रक्त आणि गळा दाबून मारलेला प्राणी हे निर्बंधही व्यवहारात सोडून दिले. निवडलेल्यातून पुन्हा निवड झाली आणि तिची फारशी वाच्यताही झाली नाही.

या व्यवहाराला सैद्धान्तिक आधार दिला तो तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने. नियमशास्त्रातील आज्ञांचे नैतिक, विधिविषयक आणि न्यायविषयक असे तीन वर्ग त्याने मानले. यांपैकी केवळ नैतिक आज्ञा सर्वकाळ बंधनकारक. उरलेल्या दोन वर्गांचे कार्य ख्रिस्ताच्या आगमनाने संपले, असा हा युक्तिवाद. १५७१ मध्ये निश्चित झालेल्या इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांपैकी सातव्या कलमात आणि सतराव्या शतकाच्या मध्यावर तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात हाच विचार स्वीकारला गेला. विभागणी सोयीची आहे, यात शंका नाही. अडचण एवढीच की मूळ संहितेला ती ठाऊक नाही. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा अठराव्या वचनात आहे आणि लगेच पुढच्या वचनात दोन प्रकारच्या धाग्यांचे मिश्र वस्त्र अंगावर घालू नये, शेतात दोन जातींचे बी पेरू नये, असे सांगितले आहे. मध्ये कोणतीही रेघ नाही. पहिल्या आज्ञेला येशूने धर्माचे सार मानले; दुसरी ख्रिस्ती माणसाच्या गावीही नसते. तेव्हा अमुक आज्ञा नैतिक वर्गातली म्हणून टिकली, असे म्हणण्यापेक्षा जी टिकवावीशी वाटली तिला नैतिक म्हटले गेले, असे म्हणणे अनेक ठिकाणी वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

गुलामगिरीच्या प्रश्नावर या वर्गीकरणाची खरी कसोटी लागली. व्हर्जिनियातील बाप्टिस्ट धर्मोपदेशक थॉर्नटन स्ट्रिंगफेलो याने १८४०च्या दशकात गुलामगिरीचे बायबलप्रणीत समर्थन मांडले, त्यात लेवीय ग्रंथातील वरील वचनांचा आधार ठळक होता. देवाने जे स्वतः अनुमत केले ते मूलतः पाप कसे असेल, हा त्याचा प्रश्न. १८४५ मध्ये गुलाममालकांना मिशनरी म्हणून नेमावे की नाही यावरून बाप्टिस्टांत फूट पडून जॉर्जियातील ऑगस्टा येथे सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन स्थापन झाले. विरोधकांनी अनुवाद या ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायातील, पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नये, ही आज्ञा पुढे केली. १८५० च्या पलायित गुलामविषयक कायद्याविरुद्ध ती नेमकी लागू पडत होती. मात्र त्याच अध्यायात थोडे पुढे बांधवाकडून व्याज न घेण्याची आज्ञा आहे. बोस्टन-न्यूयॉर्कच्या व्यापारी जगात तिच्यावरून तशी चळवळ उभी राहिली नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट मान्य करावी लागते. एकेका वचनाचा शब्दार्थ पाहिला तर गुलामगिरीचे समर्थक अनेकदा संहितेच्या अधिक जवळ होते. विरोधकांना वचनांपलीकडे जाऊन, माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला या समग्र तत्त्वाचा आश्रय घ्यावा लागला. मार्क नोल या इतिहासकाराने अमेरिकन यादवी युद्धाची चिकित्सा ‘धर्मशास्त्रीय पेच’ म्हणून केली आहे ती याच कारणाने: ग्रंथार्थाचा निकाल पंडितांना लावता आला नाही, तो सैन्यांनी लावला. सदर्न बाप्टिस्टांनी आपल्या पूर्वजांच्या या भूमिकेबद्दल औपचारिक क्षमायाचना केली ती १९९५ मध्ये. वचने १८४५ मध्ये होती तीच १९९५ मध्येही होती. बदलला तो वाचक.

योबेल वर्षाची आज्ञाही शतकानुशतके रूपकार्थाने, आत्म्याच्या मुक्तीचे चिन्ह म्हणून वाचली गेली. तिचा आर्थिक अर्थ विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘जुबिली २०००’ या मोहिमेने पुन्हा पुढे आणला. गरीब राष्ट्रांची कर्जे माफ व्हावीत या मागणीसाठी १६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅम येथे श्रीमंत राष्ट्रांच्या शिखर परिषदेच्या वेळी सुमारे सत्तर हजार लोकांनी मानवी साखळी केली. हीसुद्धा निवडच होती. ‘जुबिली’च्या पुरस्कर्त्यांनी ४४ ते ४६ ही वचने बाजूला ठेवली आणि ठेवायलाच हवी होती. म्हणून निवड करणे हाच दांभिकपणा, हा आक्षेप पुरेसा नाही.

तो आक्षेप समलैंगिकतेच्या वादात वारंवार ऐकू येतो. लेवीय ग्रंथाच्या अठराव्या अध्यायातील बाविसावे वचन उद्धृत करणारे शिंपल्यातील जीव खातात, मिश्र वस्त्रे घालतात, मग त्यांना हे वचन सांगण्याचा अधिकार काय, असे विचारले जाते. प्रश्न बोचरा असला तरी त्यातील गृहीतक घातक आहे, कारण सुसंगतीचा मार्ग दुसऱ्या दिशेनेही जातो. विसाव्या अध्यायातील तेराव्या वचनात त्याच कृत्यासाठी देहदंड आहे. दहाव्या वचनात व्यभिचारासाठी आणि नवव्यात आईबापांना शाप देणाऱ्यासाठीही आहे. रूसस जॉन रशडूनी याने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द इन्स्टिट्यूट्स ऑफ बिब्लिकल लॉ’ या ग्रंथात शिक्षांसह हे नियमशास्त्र आधुनिक राज्याला लागू व्हावे, अशी मांडणी केली. निवड टाळण्याची हाक मनावर घेतली तर काय हाती येते, याचा तो नमुना आहे. बहुसंख्य पुराणमतवादी ख्रिस्ती विचारवंतांनीही त्याच्याबरोबर जाण्याचे नाकारले; निषेध घेतला, दंड सोडला. परंतु वचनाचा एक भाग शाश्वत आणि दुसरा कालबाह्य का, याचे उत्तर बहुधा अध्याहृतच राहते.

गंभीर अभ्यासकांचे उत्तर असे की हा निषेध केवळ लेवीय ग्रंथावर आधारलेला नाही. पौलाच्या पत्रांत त्याची पुनरुक्ती आहे. हा मुद्दा उडवून लावण्याजोगा नाही. पण मग घटस्फोटाचा विचार करावा लागतो. त्याविषयी खुद्द येशूचे शब्द मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत आहेत आणि समलैंगिकतेविषयी त्याचे एकही विधान चारही शुभवर्तमानांत नाही. तरीही इंग्लंडच्या चर्चच्या महासभेने २००२ मध्ये, पूर्वीचा जोडीदार हयात असतानाही अपवादात्मक परिस्थितीत चर्चमध्ये पुनर्विवाहास मुभा दिली. भारतात १८६९ च्या घटस्फोट कायद्याने ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे एक कारण पुरेसे ठेवले, पत्नीला मात्र व्यभिचारासोबत क्रौर्य किंवा परित्याग यांसारखे आणखी काही सिद्ध करणे भाग होते. हा भेद कोणत्याही शुभवर्तमानात नाही. तो व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरविली आणि २००१ च्या दुरुस्तीने ती कायद्यातून गेली. दुःखी संसारातील माणसांचे हाल धर्मसंस्थांना डोळ्यांनी दिसत होते, कारण ती माणसे त्यांच्याच बाकांवर बसत होती. ज्यांना त्या बाकांवर मोकळेपणाने बसताच येत नव्हते त्यांच्या वाट्याला वचनाची अक्षरे आली. निवडीमागे कोणते तत्त्व आहे यापेक्षा तिचा भार कोणावर पडतो, हे पाहिले की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

यहुदी परंपरेतील एक उदाहरण येथे तुलनेसाठी घेता येते. अनुवाद ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायानुसार सातव्या वर्षी कर्जे सोडून द्यायची होती. त्यामुळे ते वर्ष जवळ आले की गरिबांना कर्ज मिळेनासे झाले. तेव्हा हिल्लेल या आचार्याने ‘प्रोझबुल’ नावाचा लेख प्रचारात आणला. त्याद्वारे कर्जाची वसुली न्यायसभेकडे सोपविली जाई आणि ते बुडत नसे. मिश्ना या संहितेत ही युक्ती आणि तिचे कारण दोन्ही नोंदलेले आहे. आज्ञेला वळसा घातला, तो का घातला हेही लिहून ठेवले.

व्याजाच्या बाबतीत ख्रिस्ती युरोपातही असा एक दस्तऐवज आहे. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड व्याजखोरांना ख्रिस्ती दफन नाकारले होते. व्याज घेणे पाप नाही असा हट्ट धरणाऱ्याला १३११-१२ च्या व्हिएन परिषदेने पाखंडी ठरविले होते. जॉन कॅल्व्हिनने १५४५ च्या पत्रात वेगळी वाट काढली. मोशेची मनाई त्या समाजाच्या राज्यव्यवस्थेपुरती होती, न्यायबुद्धी आणि प्रीती यांचे तत्त्व मात्र कायम आहे, असे सांगून त्याने व्यापारी कर्जावरील व्याजास मुभा दिली. थोडी सवलत दिली की लोक हवी तेवढी घेतील, ही भीती त्याने पत्रातच व्यक्त केली आणि म्हणून अटी घातल्या: गरिबाकडून व्याज घेऊ नये, कर्ज घेणाऱ्यालाही त्या पैशातून निदान तितकाच लाभ व्हावा, कायद्याने ठरविलेली मर्यादा ओलांडू नये. प्रॉटेस्टंट देशांतील सावकारीने पुढील शतकांत या पत्रातील परवानगी उचलली. अटींचा उल्लेख प्रामुख्याने अभ्यासकांच्या ग्रंथांत आढळतो.