संकेतस्थळावरील अध्यापन-साहित्य आणि संदर्भाची जबाबदारी

गालिबच्या अभ्यासकाला आज सहज हाती लागणारे भाष्य छापील ग्रंथात नसून संकेतस्थळावर आहे. कोलंबिया विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केलेल्या फ्रान्सिस प्रिचेट यांनी 'अ डेझर्टफुल ऑफ रोझेस' या नावाने गालिबच्या दिवाणातील २३४ गझला तेथे सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. पाठ देवनागरीतही असल्याने उर्दू लिपी न येणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची मोठीच सोय झाली आहे.

या कार्याचा गुण त्याच्या मांडणीत आहे. गझल आणि शेर या दोहोंना क्रमांक आहेत. शेराखाली जुन्या भाष्यकारांचे उतारे इंग्रजीत येतात, त्यानंतर प्रिचेट यांचे स्वतःचे विवेचन. मात्र ही निवड तटस्थ नाही. शम्सुर्रहमान फारुकी यांच्याप्रमाणेच प्रिचेट यांचा भर कवीच्या चरित्रापेक्षा शब्दांच्या अनेकार्थतेवर आहे. ही दृष्टी फलदायी असली, तरी ती एक दृष्टी आहे, याचे भान वाचकाने ठेवले पाहिजे.

खरा प्रश्न संदर्भ देताना उभा राहतो. हैदराबादच्या निझाम कॉलेजात अध्यापन केलेल्या नज्म तबातबाई यांचे उर्दू भाष्य १९०० साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थी त्याचा उतारा संकेतस्थळावर इंग्रजीत वाचतो, त्याचे मराठी करतो आणि तळटीपेत थेट १९०० चा ग्रंथ नोंदवतो. न पाहिलेल्या ग्रंथाची ही साक्ष होय. उर्दूतून इंग्रजीत व तेथून मराठीत आलेल्या अर्थात कोठे काय निसटले, हे तपासण्याची वाट त्यामुळे बंद होते. जेथे एका शब्दावर शेराचा अर्थ फिरतो, तेथे ही हानी किरकोळ नाही.

म्हणून 'तबातबाई, प्रिचेट यांच्याद्वारे उद्धृत' असे स्पष्ट लिहावे. गझल व शेराचा क्रमांक द्यावा. संकेतस्थळावरील मजकुरात दुरुस्त्या होऊ शकतात, त्यामुळे पाहिल्याचा दिनांकही नोंदवावा. परवलीच्या शब्दामागे असलेल्या वर्गटिपणांची बाब वेगळी आहे. वाचकाला ती उघडता येत नसतील, तर अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या संदर्भपद्धतीनुसार (सातवी आवृत्ती) ती खासगी संवादाप्रमाणे केवळ मजकुरात नोंदवली जातात, संदर्भसूचीत नाहीत.

शिक्षकाने खुले केलेले साहित्य मूळ ग्रंथापर्यंत नेणारा जिना आहे. जिन्यावरच थांबून माडी पाहिल्याचे सांगणे संशोधनात बसत नाही. ही सवय विद्यार्थ्यांना लावण्याआधी अध्यापकांनी स्वतःच्या तळटीपा तपासाव्यात, हेच उचित.