'येतो' आणि 'जातो' : तुकोबांच्या निरोपाची भाषा

मराठी घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. मुलाच्या तोंडून 'जातो' निघालेच, तर घरातले वडीलधारे लगेच 'येतो म्हणावं' असे बजावतात. 'गेला' या शब्दाला मृत्यूचा अर्थ चिकटलेला असल्याने हा संकेत पडला, हे उघड आहे. 'निरोप' या शब्दाचेही तसेच. सांगावा हा त्याचा एक अर्थ, निघण्याची अनुज्ञा हा दुसरा. जाणाऱ्याने तो घ्यायचा, राहणाऱ्याने द्यायचा.

तुकोबांचा सर्वपरिचित निरोपाचा अभंग या संकेताच्या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. या अभंगाची चर्चा बहुधा सदेह वैकुंठगमनाच्या वादात अडकते आणि त्याची भाषा मागे पडते. येथे तुकोबा घरोघरी टाळले जाणारे 'जातो' हेच क्रियापद सरळ उच्चारतात. जिथे जायचे ते ठिकाण मात्र परके नाही, ते त्यांचे स्वतःचे गाव आहे. देवघेवही उलटी होते : जाणारा निरोप मागत नाही, आपला रामराम राहणाऱ्यांनी घ्यावा असे विनवतो. रामराम हा भेटीचाही शब्द आणि निरोपाचाही, त्यामुळे तो गावकीतल्या कोणालाही कळावा.

मग 'येतो' का नाही? उत्तर पुढच्याच कडव्यात आहे. ही भेट शेवटची, येथून जन्माची साखळी तुटली, असे तुकोबा सांगतात. ज्याचे येणे-जाणे संपले, त्याने 'येतो' म्हणणे म्हणजे पुनर्जन्माचे वचन देणे. जो शब्द आपल्या दारात शिष्टाचार ठरतो, तो त्यांच्या तोंडी असत्य ठरला असता.

परंतु याच तुकोबांनी दुसऱ्या एका प्रसिद्ध अभंगात, देवाचा विसर पडणार नसेल आणि संतांचा संग लाभणार असेल, तर देवाने आपल्याला खुशाल गर्भवासात घालावे, असे म्हटले आहे. पुन्हा येण्याची त्यांना भीती नव्हती, ओढच होती. म्हणून हा निरोप केवळ विरक्ताचा मानता येत नाही. ज्याला परत यायला आवडले असते, तोच येथे 'जातो' म्हणतो आहे. मागे राहणाऱ्यांकडे कृपा असू द्या असे मागणेही तो विसरत नाही. या अभंगातली कालवाकालव चमत्कारामुळे नाही, या एका क्रियापदामुळे आहे.