शब्द कुणाचे, चित्र कुणाचे?

दलित साहित्याच्या समीक्षेने कविता, कथा आणि आत्मकथन यांचा ऊहापोह भरपूर केला. बालवाङ्मयाकडे मात्र तिने जवळजवळ पाठच फिरवली. याचे मला नवल वाटते. ‘बलुतं’ (1978), ‘उपरा’ (1980), ‘उचल्या’ (1987) या तिन्ही पुस्तकांतून बालपण वगळले तर काय उरेल? भूक, पाणवठा, शाळेतला अपमान, आईची मजुरी हे सारे लहान मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. पण ते लिहिले गेले प्रौढांसाठी. आपल्या साहित्यात मूल पात्र म्हणून आले, वाचक म्हणून आले नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या हाती द्यावे असे आपले पुस्तक कोणते, या प्रश्नाला आपल्यापाशी धड उत्तर नाही.

हा प्रश्न मनात ठेवूनच मी माधुरी पुरंदरे यांच्या कार्याकडे पाहतो. त्या आपल्या चळवळीतल्या नाहीत. त्यांचे जग पुण्याचे, मध्यमवर्गाचे. मी शिकवतो ते महाविद्यालय गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, जिथे भामरागड-हेमलकसा भागातली माडिया मुले-मुली शिकायला येतात. मग हा खटाटोप कशासाठी? मराठीत मुलांसाठी लिहिणारे पुष्कळ झाले आणि मुलांच्या पुस्तकांना चित्रे काढणारेही पुष्कळ झाले. पण शब्द आणि चित्र ही दोन्ही एकाच हातातून उतरवून त्यावर आयुष्यभराचे काम उभे करणारी माणसे फार थोडी. पुरंदरे त्यांतल्या अग्रणी आहेत. आणि शब्द व चित्र यांचा हा संबंध आपल्या दृष्टीने केवळ कलेचा प्रश्न नाही, तो सत्तेचा प्रश्न आहे.

पुरंदरे यांचा जन्म 1952 चा. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात त्या चित्रकला शिकल्या, पुढे फ्रान्समध्ये मुद्राचित्रण शिकल्या. फ्रेंच भाषा त्यांनी अनेक वर्षे शिकवली. रंगभूमीवर गायल्या. ‘पिकासो’ हे चरित्र लिहिले, व्हॅन गॉगवरची ‘लस्ट फॉर लाइफ’ ही कादंबरी मराठीत आणली. त्यांच्या आई निर्मला पुरंदरे यांनी 1981 साली वनस्थळी ग्रामीण विकास केंद्र स्थापन केले. खेड्यातल्या बायकांना बालवाडी शिक्षिकेचे प्रशिक्षण देणे हे त्या संस्थेचे मुख्य काम. तिच्या ‘वनस्थळी’ या नियतकालिकाचे संपादन माधुरी पुरंदरे यांनी केले. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. चित्रकाराच्या खोलीत बसून त्यांना मुलांची आठवण झाली असे नाही; खेड्यातल्या बालवाडीची गरज त्यांच्यासमोर होती.

त्यांचे वडील शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे. त्यांच्या इतिहासलेखनाला आपल्या आणि बहुजन चळवळीने कडाडून विरोध केला. 2015 च्या महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या वेळचा वाद सर्वांना ठाऊक आहे. तो विरोध आपल्या जागी. परंतु बापाच्या लेखनाचा हिशेब लेकीकडून मागणे हा जन्मावरून माणूस तोलण्याचाच प्रकार आहे, आणि तो न्याय आपण नाकारलेला आहे. लेखिकेचे मूल्यमापन तिच्या पुस्तकांवरूनच झाले पाहिजे.

ही पुस्तके काय करतात? ‘राधाचं घर’ या मालिकेत घरातली माणसे एकेक करून लहान मुलीच्या नजरेतून येतात. यशच्या गोष्टींत, ‘सख्खे शेजारी’त, ‘पाचवी गल्ली’त रोजचे साधे जगणे येते. राजा, राक्षस, परी यांचा आधार न घेता मुलाचे कुतूहल, रुसवा आणि कंटाळा यांना पुस्तकात मानाची जागा मिळते. मराठी बालवाङ्मयाला जडलेला जुना रोग म्हणजे उपदेश. मूल म्हणजे घडवायचा मातीचा गोळा, अशी त्यामागची समजूत. ही समजूत आणि ‘अडाण्यांना सुधारायचे आहे’ ही उच्चवर्णीय समजूत सख्ख्या बहिणी आहेत. पुरंदरे मुलाला सुधारायला निघत नाहीत, त्याला बरोबरीचा माणूस मानतात. त्यांचे चित्रही मजकुराची नक्कल करत नाही. वाक्य जिथे थांबते तिथून चित्र पुढे बोलते. ‘चित्रवाचन’मध्ये तर चित्रच वाचायचे असते, अक्षर न येणारे मूलही तिथे वाचक ठरते. ज्या घरात पहिल्यांदाच पाटी-पुस्तक येते, त्या घराच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

‘वाचू आनंदे’च्या चार भागांत त्यांनी मराठी साहित्यातले वेचे आणि भारतीय चित्रकलेचे नमुने शेजारी-शेजारी ठेवले. ‘लिहावे नेटके’मध्ये भाषेचा अभ्यास हसतखेळत मांडला. 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना एकूण योगदानासाठी मिळाला, 2016 साली टाटा ट्रस्टचा बिग लिटल बुक पुरस्कार मिळाला. हे सन्मान योग्यच आहेत.

आता मर्यादा. माझ्या वर्गातल्या मुलांना मी ही पुस्तके वाचायला देतो. वयाने ती मोठी आहेत, पण लहानपणी अशी पुस्तके त्यांच्या हाती आलेली नसतात, म्हणून आवडीने वाचतात. राधाची आजी त्यांना ओळखीची वाटते. राधाचे घर ओळखीचे वाटत नाही. माडिया मुलाचे घर म्हणजे चार भिंतींतल्या खोल्या नव्हेत. अंगण, नदी, मोहाची झाडे, गोटूल, सारे गावच त्याचे घर. घरची भाषा माडिया, ती द्रविड कुळातली. शाळेत पाऊल टाकताच तिच्यावर मराठी येऊन बसते आणि तीही पुस्तकी मराठी. राधाला पुस्तक उघडल्यावर आपली भाषा भेटते. माडिया मुलाला पुस्तक उघडल्यावर आपली भाषा सोडावी लागते. पहिल्या पानावरच एकाचे स्वागत होते आणि दुसऱ्याची परीक्षा सुरू होते.

याचा दोष मी पुरंदरे यांना देणार नाही. अनुभवाच्या प्रामाणिकपणाचा आग्रह आपणच धरला. आपले जगणे आपणच लिहू, सहानुभूतीने लिहिलेले उसने दुःख नको, असे आपणच सांगितले. मग पुण्यातल्या लेखिकेने माडिया मुलाची गोष्ट लिहावी, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? जे त्यांना ठाऊक आहे ते त्यांनी खरेपणाने लिहिले. प्रश्न आहे तो इकडच्या बाजूला कोण लिहिणार आणि कोण काढणार, हा.

‘काढणार’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आदिवासींची चित्रे अलीकडे मुलांच्या पुस्तकांत मानाने येऊ लागली आहेत. चेन्नईच्या तारा बुक्सने 2009 साली ‘डू!’ हे पुस्तक काढले. त्यातली चित्रे रमेश हेंगाडी, शांताराम धडपे या वारली चित्रकारांची, शब्द गीता वूल्फ यांचे. 2011 साली नवयानने ‘भीमायन’ काढले. बाबासाहेबांच्या जीवनातले अस्पृश्यतेचे अनुभव त्यात दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याने चितारले. संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची, तीही इंग्रजीत. दुर्गाबाई मंडला जिल्ह्यातल्या बुरबासपूरच्या. शाळेत कधी गेल्या नाहीत. भिंती-जमिनीवर काढायची डिगना ही नक्षी आजीकडून शिकल्या. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

‘भीमायन’ पाहताना कळते की चित्र काढणारा हात पुस्तकाचा विचारही बदलतो. चित्रकथेच्या ठरावीक चौकटी या दोघांनी मानल्या नाहीत. डिगनाच्या नक्षीनेच पाने विभागली. मायेच्या बोलण्याभोवती पक्ष्याचा आकार आला आणि जातीचे विष ओकणाऱ्या बोलण्याला विंचवाची नांगी फुटली. गोंड हाताने बाबासाहेबांची तहान रंगवावी, ही दलित-आदिवासी ऐक्याची शंभर भाषणांहून मोठी घटना आहे. तरीही वाटणी तीच राहते : चित्र आदिवासीचे, शब्द दुसऱ्याचे. हात त्याचा, वाणी शिकलेल्याची. श्रम आणि विद्या यांची वाटणी करणारी जी व्यवस्था आपण ओळखतो, तिची सावली पुस्तकाच्या पानावरही पडते. त्या लेखकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण वाटणी हेतूने मोडत नाही, साधने हाती आल्याने मोडते.

म्हणून पुरंदरे यांच्या कारकिर्दीकडे केवळ प्रतिभेचा चमत्कार म्हणून पाहू नये. तिच्यामागे काय काय उभे होते ते मोजावे. कलाशाळा होती, परदेशातले शिक्षण होते, दुसरी भाषा होती, बालवाडीशी जोडलेली संस्था होती, संपादनासाठी नियतकालिक होते, ज्योत्स्ना प्रकाशनासारखा चित्रांची कदर करणारा प्रकाशक होता. त्यांच्या गुणांना ही जमीन मिळाली. माडिया मुलीपाशी गुण नाहीत असे म्हणण्याची हिंमत कुणी करू नये. तिला जमीन मिळालेली नाही.

हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प 1973 साली सुरू झाला, 1976 साली तिथे शाळा निघाली. त्या शाळेतून शिकून मुले डॉक्टर झाली, शिक्षक झाली. विलास मनोहर यांच्या ‘नेगल’ने तिथल्या बिबळ्याला मराठी मुलांच्या घरात नेले. बिबळ्याला जे मिळाले ते त्याच जंगलातल्या मुलाला त्याच्या स्वतःच्या तोंडून, स्वतःच्या रेघेतून मिळाले पाहिजे. धानोरा तालुक्यात मोहगावला ग्रामसभांनी 2019 साली गोंडी माध्यमाची शाळा काढली. शाळा आपल्या भाषेत हवी हे लोकांना कळले आहे. त्या शाळेच्या दप्तरात काय घालायचे, हा पुढचा प्रश्न आहे.

जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मागणी केली की प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच यावेत. तीच मागणी आज पुस्तकाला लावली पाहिजे. डी.एड. झालेल्या माडिया शिक्षिकेला चित्रकलेचे शिक्षण मिळावे, भिंतीवर चित्र काढणाऱ्या हाताला लेखणी मिळावी, आणि माडिया-मराठी अशा दोन्ही भाषांत छापायला आपल्या चळवळीने पैसा उभा करावा. आपली नियतकालिके वर्षाकाठी एक अंक तरी मुलांसाठी काढू शकतात. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

तोवर पुरंदरे यांची पुस्तके आपल्या मुलांना जरूर द्यावीत. ती वाचून मूल आपल्या घराकडे नीट बघायला शिकते. मग ते विचारीलच की या पुस्तकात आमचे घर का नाही. त्या वेळी त्याच्या हातात द्यायला आपल्यापाशी कोरा कागद आणि रंग तरी असले पाहिजेत.