नकली जखमांचा टाइप

कॅस्लॉन अँटिक हा टाइप तुम्ही पाहिलाय, नाव माहीत नसेल एवढंच. १९८५ साली लंडनच्या रंगमंचावर आलेल्या 'ले मिझराब्ल' या संगीत नाटकाची जाहिरात आठवा. कुरतडलेल्या कडा, वाकडी अंगं. बघणाऱ्याला वाटावं, शेदोनशे वर्षं मशीनखाली दबून झिजलेले खिळे आहेत.

कसले झिजलेत! शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ते नवेकोरे ओतून विकले. रेखाटले बर्न नॅडलनं. आधी नाव ठेवलं 'फिफ्टीन्थ सेंचुरी', म्हणजे पंधरावं शतक. पुढं अठराव्या शतकातल्या लंडनच्या विल्यम कॅस्लॉनचं नाव चिकटवलं. त्याच्या अक्षरांशी याचं काही नातं नाही. वयही उसनं, बापही उसना.

खरा झिजलेला खिळा कंपोझिटरला विचारा. इंग्रजी 'ई'चे पन्नास खिळे असले, तर एकाचा टवका उडालेला, दुसऱ्याची दांडी मोडलेली, बाकीचे धड. ज्याचा त्याचा मार वेगळा. इथं मोडतोड साच्यातच केलेली. म्हणून एका ओळीत 'ई' तीनदा आला की तिन्ही वेळा तोच टवका, त्याच जागी. खरा घाव असा हुबेहूब उमटत नाही राव. खिळे गेले, कॉम्प्युटर आला, तरी ही लबाडी तशीच दिसते.

आता त्याच दशकातली, त्याच अमेरिकेतली दुसरी मोडतोड बघा. मेंफिसला आयडा बी. वेल्स 'फ्री स्पीच' हे काळ्यांचं पत्र चालवत होत्या. मार्च १८९२ मध्ये टॉमस मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्टुअर्ट या तिघा काळ्यांना जमावानं तुरुंगातून ओढून नेऊन गोळ्या घातल्या. वेल्सबाईंनी लिंचिंगवर सडकून लिहिलं. मे महिन्यात गोऱ्या जमावानं त्यांची कचेरी फोडली, छपाईचं सामान उद्ध्वस्त केलं. बाई गावाबाहेर होत्या म्हणून वाचल्या. पुढं १८९५ साली लग्न करून त्या शिकागोतच राहिल्या आणि लिहीत राहिल्या. त्याच शिकागोत फाउंड्री फुटकी अक्षरं मुद्दाम ओतून विकत होती!

आपल्या सायक्लोस्टाइल अंकांतही स्टेन्सिल फाटायची, 'ब'चं पोट शाईनं भरायचं. ती फॅशन नव्हती. दुसरी स्टेन्सिल आणायला खिशात पैसे नव्हते. वाचकाला नीट वाचता यावं म्हणून आपण पेनानं अक्षरं गिरवून दुरुस्त करायचो.

टाइप टाकाऊ नाही. मोठ्या मथळ्यात तो नजर धरून ठेवतो. बारीक मजकुरात लावला की डोळ्यांना त्रास. पण गरिबांच्या कथेवर तो लावला की मला शंका येते. गरिबाचं अक्षर फुटलं तर त्याला लाज वाटते. फुटकं अक्षर हौसेनं विकत घेणारा कोण असतो, हे तुम्हीच सांगा.