'कळलं का?' विचारणाऱ्या मेंटॉरसाठी एक पुस्तक

पीएचडीला प्रवेश मिळाला की वर्षभरात कधीतरी गाइड तुम्हाला केबिनमध्ये बोलावतील. तिथे एक मुलगा किंवा मुलगी अवघडून उभी असेल. "ही एफवायला आहे, हिला जरा काम शिकव." झालं, तुम्ही मेंटॉर झालात. यासाठी परीक्षा नाही, कोर्सवर्कमध्ये पेपर नाही आणि नेटच्या तयारीत तर हा विषय चुकूनही येत नाही. म्हणून आज एका पुस्तकाबद्दल लिहितेय. मला ते उशिरा मिळालं, म्हणजे चूक करून झाल्यावर.

पुस्तकाचं नाव 'एन्टरिंग मेन्टॉरिंग'. जो हँडेल्समन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात ते तयार केलं, २००५ साली. हँडेल्समन स्वतः मातीतल्या जिवाणूंवर काम करणाऱ्या. 'मेटाजीनोमिक्स' हा शब्द १९९८ साली त्यांच्याच शोधनिबंधातून रूढ झाला. त्यामुळे पुस्तकाला लॅबचा वास आहे, मॅनेजमेंटच्या पुस्तकांचा नाही. खरं तर हे एकट्याने वाचायचं पुस्तक नाहीच, तो एक अभ्यासवर्ग आहे. कॉलेजच्या विद्यार्थ्याला शिकवणारे पीएचडीवाले आणि पोस्टडॉक दर आठवड्याला एकत्र बसतात, आपापल्या अडचणी मांडतात, दिलेल्या केस स्टडीवर बोलतात आणि शेवटी प्रत्येक जण 'मी मेंटॉर म्हणून काय मानतो' याचं एक टिपण लिहितो. पीडीएफ मोफत मिळते.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की केस स्टडींना उत्तरं दिलेली नाहीत. प्रसंग असतो, खाली प्रश्न असतात, बाकी तुमचं तुम्ही बघा. गाइडबुकची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना सुरुवातीला जरा फसवल्यासारखं वाटतं, पण तेच बरोबर आहे. दुसरी चांगली गोष्ट म्हणजे अपेक्षा लिहून काढायला लावणं. विद्यार्थ्याकडून तुम्हाला काय हवंय आणि त्याला तुमच्याकडून काय हवंय, दोन्ही कागदावर. ऐकायला साधं वाटतं. मी कधीच केलं नव्हतं.

आता माझी गोष्ट, कारण पुस्तकावरचा माझा आक्षेप तिच्यातूनच आला आहे.

माझ्याकडे आलेली मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, तालुक्याच्या गावातून आलेली. शनिवारी लॅबमध्ये यायची. पहिल्या दिवशी मला 'मॅडम' म्हणाली, मी म्हटलं 'ताई म्हण'. मला वाटलं, अंतर कमी केलं. काम सोपं होतं: मातीचा नमुना टप्प्याटप्प्याने सहा वेळा दहापट पातळ करायचा, प्लेटवर पसरायचा, दुसऱ्या दिवशी कॉलनी मोजायच्या. मी हाताने लिहिलेला कागद दिला, एकदा करून दाखवलं आणि विचारलं, "कळलं का?" ती म्हणाली, "हो ताई."

तीन आठवडे तिचे आकडे माझ्यापेक्षा कमी येत राहिले. त्याच नमुन्यात माझ्या प्लेटवर शंभरच्या आसपास, तिच्या प्लेटवर पन्नास-साठ. मी ठरवून टाकलं की तिचा पिपेटवर हात बसलेला नाही. तिला वजनकाट्यावर पाणी मोजायला बसवलं. १ मिली पाण्याचं वजन साधारण १ ग्रॅम भरतं, त्यामुळे पिपेटिंग तपासायला ही चांगली युक्ती आहे. तिची वजनं बरोबर आली! इथे मला शंका यायला हवी होती. त्याऐवजी पुढच्या शनिवारी पुन्हा तसाच आकडा आल्यावर मी सगळ्यांसमोर म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुझं?"

त्यानंतर दोन शनिवार ती आली नाही.

तिची वही लॅबमध्येच होती. त्यात प्रत्येक पायरीला स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, '१ मिली नमुना + १० मिली सलाइन'. माझ्या कागदावर होतं, '१:१०'. मला अभिप्रेत होतं १ मिली नमुना आणि ९ मिली सलाइन, म्हणजे एकूण १०. तिने कागदाप्रमाणे केलं आणि एकूण झालं ११. एका पायरीला फरक फार वाटत नाही. पण सहा पायऱ्यांनी १० चा सहावा घात म्हणजे १० लाख, आणि ११ चा सहावा घात १७,७१,५६१. माझ्या प्लेटवर १०० कॉलनी असतील तर तिच्या प्लेटवर ५६ यायला हव्यात. म्हणजे तिचे आकडे बरोबर होते, माझा कागद चुकीचा होता.

(ज्यांची प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आलीय त्यांनी हे वहीत लिहून ठेवा. १ अधिक ९.)

यानंतर मी ते पुस्तक उघडलं. आणि जाणवलं की केस स्टडीमध्ये अडचण आपल्याला आधीच सांगितलेली असते. विद्यार्थी गप्प राहतो, उशिरा येतो, मेंटॉरला तो आळशी वाटतो, हे सगळं लेखकांनी नीट मांडून ठेवलेलं असतं. आपण फक्त 'आता काय करावं' यावर बोलायचं. माझ्या बाबतीत 'आता काय करावं' हा प्रश्न सोपाच होता, कागद दुरुस्त करायचा. अडचण आहे आणि ती माझी आहे, हे तीन आठवडे दिसलंच नाही, अवघड ते होतं. पुस्तकाचा सगळा भर संवादावर आहे, आणि विचारलं की समोरचा सांगेल असं त्यात धरून चाललेलं आहे. भेदभाव आणि विविधता यांवर पुस्तक बोलतं, पण 'हो ताई' त्यात बसत नाही. मॅडम चुकली असं निदान मैत्रिणीजवळ तरी म्हणता येतं. ताईला चूक कशी दाखवायची? मी तिला जवळ आणलं असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात तिची तक्रार करायची सोयच काढून घेतली होती.

हा दोष सगळा पुस्तकाचा नाही. ते सुट्टीत पूर्ण वेळ लॅबमध्ये काम करणारी मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, शनिवारची बस पकडून येणारी नाही. पण आता आपल्याकडे चार वर्षांच्या पदवीत संशोधन आलंय, अशा मुली-मुलांची संख्या वाढणार, आणि त्यांना शिकवणार तुम्हीच.

मी 'कळलं का?' बंद केलं. आधी 'परत सांग बघू' करून पाहिलं, तर तिचा चेहरा व्हायव्हाला बसल्यासारखा झाला. मग उलटं केलं. काम मी करायचं, कागद तिच्या हातात, आणि माझा हात कागदापेक्षा वेगळं काही करेल तिथे तिने मला थांबवायचं. पहिल्याच दिवशी तिने दोनदा थांबवलं. दोन्ही वेळा कागदात पायरी राहून गेली होती. आता लॅबमध्ये जो कागद चालतो तो तिने लिहिलेला आहे.

त्या शेवटच्या टिपणाबद्दल सांगायचं राहिलं. माझ्या पहिल्या मसुद्यात वाक्य होतं, 'मी विद्यार्थ्यांना स्वातंत्र्य देते.' सीव्हीत 'लीडरशिप'खाली घालायला छान होतं. खोडलं. सध्या तिथे दोनच ओळी आहेत आणि त्यातली एक सलाइनबद्दल आहे.

पुस्तक वाचणार असाल तर एकट्याने वाचू नका, लॅबमधले दोघे-तिघे मिळून वाचा. आणि केस स्टडी वाचताना प्रसंगातला मेंटॉरचा भाग झाकून, फक्त विद्यार्थ्याला काय दिसत असेल तेवढं लिहून पाहा. मी तसं माझ्याच प्रसंगाचं केलं. ज्यांच्यासमोर तिला बोलले होते त्यांच्यासमोर माफीही मागितली. ती म्हणाली, "असू दे ताई." त्याचा नेमका अर्थ मला अजून लागलेला नाही. पण शनिवारी ती येते.